इज की आर

सातवीच्या वह्या घरी आणल्या की
ओटीवर सुक्या बांगड्यांचा वास येतो.
लतिशा मेथरच्या वहीत तर खवलाच होता चिकटलेला,
पान उलटताना बोटाला लागला.

माय फादर गो टु सी.
मी लाल पेनानं त्या 'गो'ला शेपूट जोडलं.
खालची ओळ: माय फादर आर टॉल.
त्याखाली: माय फादर हॅव वन बोट.
पान संपेस्तोवर लाल झालं.

दुसऱ्या दिवशी तिला उभी केली.
"फादर एक की अनेक?"
"एकच, बाई."
"मग आर कसं?"
अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.
मग म्हणाली,
"वडील आहे, असं म्हणू? तुम्हीच ओरडाल."

वर्ग हसला.
मला हसता आलं नाही, कारण पाचवीत मीच शिकवलेलं:
वडील येतात, गुरुजी बसतात,
मोठ्या माणसापुढे क्रियापद वाकून उभं राहतं.
निवतीच्या या पोरीनं तो मान
भरल्या पाटीसारखा डोक्यावर घेऊन
दुसऱ्या भाषेत नेला,
आणि मी नाक्यावर बसून तो उतरवून घेत होते.

इंग्रजीत, मी सांगितलं,
राजा इज, कावळा इज, बाप इज.
मान द्यायचा तर आवाजात द्या,
क्रियापदात तेवढी जागा नाही.
मागच्या बाकावरून कुणीतरी, "आणि फिश, बाई?"
फिश अवघड.
एक असला तरी फिश, होडीभर असले तरी फिश.
क्रियापदाकडे बघायचं.
इज म्हटलं तर ताटातला,
आर म्हटलं तर लिलावातले.
हे मात्र सगळ्यांना एका दमात कळलं.

गुरुवारी मेथरांची होडी दहाला यायची ती आली नाही.
बाराला नाही. दोनला शाळाच सोडली.
अख्खी वाडी रेतीवर.
आनंदी मेथर बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसलेली,
दलालानं वाजता फोन खिशात घातला,
आणि ज्यांचं मेथरांशी जाळ्यावरून सात वर्षं बोलणं नाही
तेही आलेले, थोडे लांब, पण आलेले.
माना सगळ्यांच्या एकाच बाजूला.

एव्हरीवन शिकवताना मी नेहमी सांगते,
अर्थ सगळे, क्रियापद एकाचं,
का ते विचारू नका, पाठ करा.
एव्हरीवन इज वेटिंग.
मी तिथं चपला हातात धरून उभी होते,
त्या इजच्या आत.

चार वाजता दुसऱ्या होडीनं ओढत आणली.
पंख्यात दोर अडकलेला, बाकी काही नाही.
लतिशा गुडघाभर पाण्यात घुसली, मागे वळून ओरडली,
"गे आवशी, बापूस इलो! बापूस इलो!"
एकवचनी.
शाळेतले सगळे आहेत आणि येतात
वाळूत कुठंतरी राहिलेले.
एकटा एक माणूस उतरला, ओला,
एवढी माणसं बघून लाजलेला.

सोमवारी वही आली.
माय फादर कम्स होम.
शेवटचा एस केवढा तरी मोठा,
ओळीच्या खाली लोंबणारा, गळासारखा.
अक्षर सुधार, असं लिहिणार होते. नाही लिहिलं.

पानाच्या तळाशी पेन्सिलीनं, मराठीत:
बाई, क्रूला इज की आर?

पुस्तक म्हणतं, दोन्ही चालतं.
मेथरांच्या होडीवर चौघं:
दोन भाऊ, एक जावई, एक नेपाळी पोरगा.
मी लाल पेन ठेवलं, निळं शोधलं,
आणि लिहिलं:
जाळं ओढताना इज.
पैसे वाटताना आर.